नव्या मॅनेज्ड स्विचची सुरक्षा: कोणती सोय आधी, कोणती नंतर

लहान कार्यालयात मॅनेज्ड स्विच (यंत्रांना केबलने एकमेकांशी जोडणारा, सेटिंग बदलता येणारा डबा) येतो, रॅकमध्ये बसतो, केबल लागतात, दिवे लुकलुकायला लागतात आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. स्विच चालतोही. पण त्या अवस्थेत तो कोणावरही विश्वास ठेवतो. कुठल्याही पोर्टात कोणी वायर खोचली की ते यंत्र आत येतं. कोणीही आयपी पत्ते वाटायला लागलं तर तेही त्याला चालतं. पैसे मोजून घेतलेल्या सुरक्षेच्या सोयी आतच असतात, पण त्यातल्या बहुतेक बंद असतात.

त्या कोणत्या क्रमाने चालू करायच्या, हे इथे सांगतो. एकेक सोय समजायला अवघड नाही. क्रम चुकला की मात्र आपणच बाहेर अडकतो, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर बंद पडतं आणि "ते सगळं काढून टाका" असा निरोप वरून येतो. एकदा असं झालं की त्या संस्थेत पुन्हा कोणी सुरक्षेचं नाव काढत नाही.

उदाहरणासाठी एका पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर ठेवू. २४ पोर्टांचा एक मॅनेज्ड स्विच, वरच्या मजल्यावर ८ पोर्टांचा दुसरा, काउंटरचे संगणक, पासबुक प्रिंटर, आठ कॅमेरे आणि त्यांचा एनव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), एक वायफाय ॲक्सेस पॉइंट, आणि मुख्य कार्यालयाकडे जाणारा राउटर. शाळा, दवाखाना, लहान कारखाना यांची मांडणी साधारण अशीच असते.

पायरी १: परतीची वाट

सेटिंगला हात लावण्याआधी कन्सोल केबल मिळवा. नेटवर्कवरून स्विचपर्यंत पोचता येईनासं झालं की हीच केबल कामी येते. या केबलवरचा वेग बऱ्याच स्विचमध्ये ९६०० बॉड असतो, काहींत १,१५,२००. पुस्तिकेत पाहून घ्या आणि एकदा जोडून लॉगिन होतं का ते बघा.

मग फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर. सोयी चालू करण्याआधीच ते अद्ययावत करा, कारण नव्या आवृत्तीत मेनू आणि मूळ सेटिंग कधी कधी बदलतात. अनेक स्विचमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती राहतात. तशी सोय असेल तर जुनी प्रत दुसऱ्या जागी तशीच असू द्या.

चालू कॉन्फिग (सगळ्या सेटिंगचा संच) आणि साठवलेलं कॉन्फिग यातला फरक इथेच पक्का करा. अनेक स्विचमध्ये तुम्ही केलेला बदल लगेच लागू होतो, पण 'सेव्ह' केल्याशिवाय तो वीज जाताच पुसला जातो. महिनाभर छान चाललेली व्यवस्था लोडशेडिंगनंतर जुन्या अवस्थेत जाते ती यामुळे. याच गोष्टीचा फायदाही घेता येतो. धोक्याचा बदल करण्याआधी स्विचला दहा मिनिटांनी रीबूट व्हायला सांगून ठेवा. ही सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते. बदलामुळे तुम्ही बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या, साठवलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक असेल तर रीबूट रद्द करा आणि मग सेव्ह करा. दुसऱ्या गावच्या शाखेतला स्विच दुरून सांभाळणाऱ्याने ही सवय लावून घ्यावीच.

पायरी २: स्विचमध्ये कोण शिरू शकतं

मूळ पासवर्ड बदला, हे सगळेच सांगतात. त्यापुढचं मात्र सुटून जातं. दुरून स्विचमध्ये शिरायचे टेलनेट आणि साधं एचटीटीपी हे मार्ग बंद करा, त्यांचे सांकेतिक (एन्क्रिप्टेड) भाऊ एसएसएच आणि एचटीटीपीएस चालू ठेवा; टेलनेटवर पासवर्ड वायरवरून जसाच्या तसा जातो. एसएनएमपी (स्विचवर दुरून लक्ष ठेवण्याची पद्धत) वापरत नसाल तर बंद. वापरत असाल तर तिसरी आवृत्ती घ्या, कारण जुन्या आवृत्त्यांचं 'पब्लिक' हे मूळ परवलीचं नाव जगभर माहीत आहे. आणि हे सगळं इंटरनेटच्या बाजूने कधीच उघडं ठेवू नका.

वापरात नसलेली सेवा किती महागात पडते हे एप्रिल २०१८ मध्ये दिसलं. सिस्कोच्या स्विचमध्ये 'स्मार्ट इन्स्टॉल' नावाची सोय होती. नवा स्विच आपोआप सेट व्हावा म्हणून ती ४७८६ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर ऐकत बसायची आणि ओळख विचारायची नाही. हल्लेखोरांनी इंटरनेटवर उघडे सापडलेले स्विच गाठले आणि त्यांचं कॉन्फिगच बदलून टाकलं. इराण आणि रशियात याचा मोठा फटका बसला. त्यातल्या अनेकांना ही सोय आपल्याकडे चालू आहे याची कल्पनाही नसणार. म्हणून सेवांची यादी उघडा आणि जिचं काम तुम्हाला सांगता येत नाही, ती शोधून वाचून मग बंद करा.

पायरी ३: लूप, म्हणजे सगळ्यात आधीचा शत्रू

नवशिके हॅकरला घाबरतात. लहान कार्यालयाचं नेटवर्क प्रत्यक्षात जास्त वेळा आडवं होतं ते एका पॅच कॉर्डमुळे. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर दोन आयओ बॉक्स आहेत, एक कॉर्ड लोंबते आहे, साफसफाई करताना कोणीतरी तिचं मोकळं टोक दुसऱ्या बॉक्समध्ये लावून टाकतं. झाला लूप.

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट संपतं. स्विच ज्या ईथरनेट फ्रेम (माहितीचे तुकडे) पुढे पाठवतो त्यांत असा आकडाच नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली, फ्रेम लूपमध्ये सापडली की ती फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती इतर पोर्टांवर जातात आणि काही क्षणांत वाहिनी भरून जाते. गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. एवढा मारा प्रत्येक संगणकावर आणि प्रिंटरवर होतो. सगळे दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकायला लागले आणि स्विचचं स्वतःचं पानही उघडेना, तर आधी लूपचा संशय घ्या.

यावरचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन यांनी तो १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना तयार केला. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, त्यातला एक 'रूट' ठरतो आणि लूप होऊ शकेल असा रस्ता अडवून ठेवला जातो. चालू रस्ता तुटला की अडवलेला उघडतो. म्हणजे लूपपासून संरक्षण आणि पर्यायी रस्ता, दोन्ही यातूनच मिळतं.

यात तीन कामं तुमची. पहिलं, रॅपिड प्रकार निवडा. जुन्या प्रकाराला रस्ता बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात, रॅपिड बहुधा काही सेकंदांत काम उरकतो. दुसरं, रूट कोण हे नशिबावर सोडू नका. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२,७६८ असते आणि बरोबरी झाली की सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा (यंत्राला कारखान्यात मिळालेल्या क्रमांकाचा) स्विच जिंकतो. बरेचदा तो तुमच्याकडचा सगळ्यात जुना, संथ स्विच निघतो. खालच्या मजल्यावरच्या मुख्य स्विचला ४,०९६ द्या, वरच्याला ८,१९२.

तिसरं काम सगळ्यात मोलाचं. संगणक, प्रिंटर, कॅमेरा अशा टोकाच्या पोर्टांना 'एज' किंवा 'पोर्टफास्ट' करा आणि त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड लावा. एज केल्याने यंत्र जोडताच पोर्ट चालू होतो, ३० सेकंद थांबत नाही. गार्डमुळे त्या पोर्टवर बीपीडीयू दिसताच, म्हणजे पलीकडे दुसरा स्विच किंवा लूप असताच, पोर्ट बंद होतो. मीटिंगच्या खोलीतली कॉर्ड मग दोन पोर्ट बंद पाडते आणि शाखा चालू राहते. मेनूत शेजारीच बीपीडीयू फिल्टर दिसेल, त्याला हात लावू नका. तो संदेशच गाळून टाकतो आणि संरक्षण जातं.

काही स्वस्त अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे टेबलाखाली लपवलेल्या तसल्या स्विचवरचा लूप गार्डला दिसत नाही. त्यासाठी लूप डिटेक्शन असेल तर ते चालू करा आणि सगळ्या टोकाच्या पोर्टांवर स्टॉर्म कंट्रोल (अशा माऱ्यावर मर्यादा घालणारी सोय) लावा. ब्रॉडकास्टसाठी पोर्टच्या क्षमतेच्या एक टक्क्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. मल्टिकास्टला (एकाच वेळी निवडक यंत्रांना पाठवण्याला) मर्यादा घालताना जपून, काही कॅमेरे मल्टिकास्टवरच चित्र पाठवतात.

मोठी संस्थाही यातून सुटत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचं नेटवर्क वाढता वाढता स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. ते कोसळलं तेव्हा सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर काम करावं लागलं. जुन्या प्रकारातल्या मूळ वेळमर्यादा (टायमर) सात स्विचच्या लांबीपर्यंतच धरलेल्या असतात. म्हणून स्विचला स्विच, त्याला आणखी एक स्विच अशी साखळी लांबवत नेऊ नका. प्रत्येक स्विच थेट मुख्य स्विचला जोडा.

दोन मजल्यांमध्ये दोन केबल टाकता आल्या तर त्या एलएसीपीने (अनेक केबल एकच रस्ता म्हणून वापरण्याची पद्धत) एकत्र बांधा. एक तुटली तरी दुसरी चालते. स्थिर, म्हणजे 'ऑन' प्रकार टाळा. एका बाजूला सेटिंग राहून गेलं तर त्याला कळत नाही, एलएसीपीला कळतं. वेग दुप्पट होईल अशी आशा मात्र ठेवू नका: एकच फाइल कॉपी करताना ती एकाच केबलवरून जाते.

पायरी ४: व्हीलॅन

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेलं वेगळं, आभासी नेटवर्क. एक व्हीलॅन कामकाजाचा, एक कॅमेऱ्यांचा, एक पाहुण्यांच्या वायफायचा, एक स्विचच्या व्यवस्थापनाचा, आणि एक असा की ज्यात काहीच नाही. मोकळे पोर्ट त्या शेवटच्या व्हीलॅनमध्ये टाका आणि बंद करून ठेवा. व्हीलॅन १ मध्ये काही ठेवू नका, कारण मुळात सगळं तिथेच असतं आणि नवा पोर्ट चुकून तिथेच राहतो.

टोकाचे पोर्ट स्पष्टपणे 'ॲक्सेस' (एकाच व्हीलॅनचे) करा. काही स्विच समोरच्याशी बोलून स्वतःच ट्रंक (एका केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट) व्हायला तयार असतात, ती तयारी काढून घ्या. ट्रंकवर गरजेचेच व्हीलॅन जाऊ द्या आणि तिथला नेटिव्ह व्हीलॅन (व्हीलॅनच्या क्रमांकाचा टॅग नसलेल्या फ्रेम जिथे जातात तो) वापरात नसलेला ठेवा, म्हणजे दोन टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये उडी मारण्याची जुनी युक्ती चालत नाही.

एक गोष्ट मात्र तपासाच. स्विच तिसऱ्या थराचा असेल आणि त्यात राउटिंग (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाहतूक नेणं) चालू असेल, तर व्हीलॅन वेगळे करूनही पाहुण्याचा मोबाइल काउंटरच्या संगणकापर्यंत पोचतो. मध्ये नियम लावले नाहीत तर ती वाटणी कागदावरच राहते. लहान शाखेत व्हीलॅनमधली वाहतूक फायरवॉलमधूनच न्यावी हे बरं.

व्यवस्थापनाचा व्हीलॅन बदलणं या पायरीत सगळ्यात शेवटी करा, आणि दहा मिनिटांचं रीबूट लावून ठेवूनच.

पायरी ५: खोटे पत्ते

कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टात कार्यालयाची केबल लावतो. तो राउटर लगेच पत्ते वाटायला लागतो. काउंटरच्या संगणकाला १९२.१६८.०.५ असा भलताच पत्ता मिळतो आणि कोअर बँकिंगचं पान उघडत नाही. हेतू वाईट नसतो, पण मुद्दाम करणाराही हेच करतो: स्वतःला गेटवे (बाहेर जाण्याचं दार) म्हणून जाहीर करायचं आणि सगळी वाहतूक आपल्यामधून न्यायची.

यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. डीएचसीपी स्नूपिंग हे थांबवतं. खरा डीएचसीपी सर्व्हर ज्या दिशेला आहे तो पोर्ट 'ट्रस्टेड' करा, बाकी सगळे अविश्वासू राहू द्या. त्या पोर्टांवरून पत्ता देणारं उत्तर आलं की स्विच ते टाकून देतो. आधी अपलिंक (सर्व्हरकडे जाणारा पोर्ट) ट्रस्टेड करा, वरच्या मजल्याच्या स्विचवरही, आणि मगच स्नूपिंग चालू करा. हा क्रम उलटा झाला तर लगेच काही दिसत नाही. ज्यांची लीज (मिळालेल्या पत्त्याची मुदत) शिल्लक आहे ती यंत्रं चालत राहतात आणि गडबड काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उघड होते, तेव्हा कारण लक्षात येत नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की संगणकाला डीएचसीपीचं उत्तर मिळालेलं नाही. सगळं बरोबर असूनही पत्ते मिळेनात तर स्विच विनंतीत 'ऑप्शन ८२' (ती कुठल्या पोर्टवरून आली याची माहिती) घालतो आहे का पाहा; काही सर्व्हर तशी विनंती नाकारतात.

स्नूपिंग चालू झालं की स्विचकडे एक तक्ता तयार होतो: कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता आणि कोणता आयपी. याच तक्त्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन चालतं. एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याची पद्धत) १९८२ सालचा आहे आणि त्यात उत्तर देणाऱ्याची खातरजमा करण्याची सोय नाही. "गेटवे मीच" असं कोणीही म्हणू शकतं. इन्स्पेक्शन ते म्हणणं तक्त्याशी ताडून बघतं.

ही सोय चालू करण्याआधी किमान आठवडाभर स्नूपिंग एकटं चालू द्या. पासबुक प्रिंटर, एनव्हीआर अशांना हाताने दिलेले पत्ते तक्त्यात नसतात. त्यांच्या नोंदी स्वतः घाला, नाहीतर इन्स्पेक्शन त्यांनाच अडवेल. शिवाय हा तक्ता बऱ्याच स्विचमध्ये मेमरीतच असतो. वीज गेली, स्विच पुन्हा सुरू झाला, तक्ता रिकामा, आणि इन्स्पेक्शन सगळ्या शाखेला अडवून बसलं, असं होऊ शकतं. तक्ता फ्लॅशवर किंवा सर्व्हरवर साठवायची सोय असेल तर ती आधी चालू करा. नसेल, तर अशा शाखेत मी इन्स्पेक्शन लावणार नाही. स्नूपिंगनेच मोठा धोका टळतो.

पायरी ६: पोर्टला कोण जोडलं आहे

पोर्ट सिक्युरिटीत एका पोर्टवर किती मॅक पत्ते चालतील ते ठरवता येतं. काउंटरला एक. आयपी फोन आणि त्यामागे संगणक असेल तर दोन, काही फोनना तीन लागतात. 'स्टिकी' केलं की पहिला दिसलेला पत्ता पक्का होतो. वायफायच्या पोर्टवर हे लावू नका, तिथे प्रत्येक मोबाइलचा पत्ता वेगळा दिसतो.

मर्यादा ओलांडली तर पोर्ट बंद करायचा की फक्त परकी फ्रेम टाकून नोंद करायची, हे तुम्ही ठरवता. पहिल्या महिन्यात 'रिस्ट्रिक्ट' ठेवा आणि नोंदी वाचा. मग मीटिंगच्या खोलीसारख्या खुल्या जागी 'शटडाउन' करा. बंद पडलेला पोर्ट ठरावीक वेळाने आपोआप उघडण्याची सोय असते. दूरच्या शाखेत ती चालू ठेवा, एका पोर्टसाठी माणूस पाठवावा लागत नाही.

मॅक पत्ता बदलणं सोपं आहे, तेव्हा याने जाणकार अडत नाही. त्यासाठी ८०२.१एक्स आहे: जोडणाऱ्याने रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरकडे आपली ओळख पटवल्याशिवाय पोर्ट उघडतच नाही. एका शाखेपुरतं ते जड जातं, पण मुख्य कार्यालय सगळ्या शाखांसाठी करत असेल तर जरूर करावं. फक्त लाइन तुटून रेडियसपर्यंत पोचता आलं नाही तर काउंटरचं काय होईल, याचं उत्तर आधी ठरवा. त्यासाठी पर्यायी व्हीलॅनची सोय अनेक स्विचमध्ये असते.

पायरी ७: वीज, उष्णता आणि पाऊस

पीओईची, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच यंत्रांना दिलेल्या विजेची, बेरीज करा. जुन्या ८०२.३एएफ प्रकारात एका पोर्टमागे १५.४ वॉट धरले तर आठ कॅमेऱ्यांना १२३.२ वॉट लागतात. स्विचची एकूण मर्यादा १२० असेल तर कागदावरच कमी पडते. दिवसा हे जाणवत नाही. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते आणि एखादा कॅमेरा बंद पडतो. तिजोरीसमोरच्या कॅमेऱ्याला पीओईची सर्वोच्च प्रायॉरिटी द्या.

ऑफिससाठीच्या स्विचच्या माहितीपत्रकात तापमानाची मर्यादा ४०, ४५ किंवा ५० अंश लिहिलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, बंद लोखंडी पेटीत त्याहून जास्त. जिन्याखालच्या पेटीला जाळी आणि पंखा हवाच. तापमानाचा इशारा देणारा स्विच असेल तर तो इशारा चालू करा.

दोन इमारतींमध्ये किंवा अंगणातल्या खांबापर्यंत तांब्याची केबल नेऊ नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तिचा झटका त्याच तारेतून आत येतो आणि पोर्ट जळतात. तिथे फायबर टाका. रॅकचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. यूपीएसवर स्विचबरोबर राउटर आणि फायबरचा डबाही असू द्या, नाहीतर स्विच जागा आणि लाइन मेलेली.

पायरी ८: नोंदी आणि घड्याळ

पोर्ट कधी बंद पडला, कोणी लॉगिन केलं, याच्या नोंदी स्विचच्या मेमरीत थोड्याच मावतात आणि रीबूट झालं की बहुधा पुसल्या जातात. त्या सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत) दुसऱ्या संगणकावर पाठवा. घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेण्याची पद्धत) जुळवा आणि वेळेचा फरक अधिक ५:३० द्या. स्विचची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ जुळली नाही तर रात्री नऊला मीटिंगच्या खोलीत कोण होतं हे शोधता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवणं, घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरला जुळवणं, आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवणं सांगितलं आहे. तुमच्या संस्थेला ते कसे लागू होतात ते ऑडिटरला विचारा. सवय म्हणून तर पाळाच.

पायरी ९: मुद्दाम मोडून बघा

कामकाज संपल्यावर, शाखाधिकाऱ्यांना सांगून, मीटिंगच्या खोलीत कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीत लावा आणि काउंटरच्या संगणकावर पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते सतत तपासणारी आज्ञा) चालू ठेवा. पिंग थांबता कामा नये. जुना घरगुती राउटर जोडा. त्याचा पत्ता कोणालाही मिळता कामा नये. एलएसीपीची एक केबल काढा. अनोळखी लॅपटॉप लावा. मुख्य स्विचची वीज घालवून परत द्या आणि प्रिंटर, कॅमेरे, एनव्हीआर आपोआप परत येतात का ते मोजा. प्रत्येक वेळी सिसलॉगमध्ये त्याची नोंद आली का ते बघा. अपेक्षित नोंद आली नसेल तर ती सोय चालूच नाही असं धरा आणि त्या पायरीवर परत जा.

सगळं पार पडलं की कॉन्फिगची प्रत उतरवून घ्या, तारीख घालून. रॅकच्या दारावर पोर्टचा तक्ता चिकटवा: क्रमांक, कुठे जातो, कोणता व्हीलॅन. पासवर्ड तिथे नकोत, ते बंद पाकिटात शाखाधिकाऱ्यांच्या तिजोरीत. संस्थेकडे त्याच मॉडेलचा जादा स्विच असेल तर कॉन्फिगची प्रत त्यावर एकदा चढवून बघा, म्हणजे खरा स्विच जळेल त्या दिवशी फक्त केबल हलवायच्या राहतील.